घरी शिकणारे आणि घरी राहिलेले

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडील काही सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या अपत्यांस शाळेत न धाडता घरीच शिकविण्याचा जो मार्ग पत्करला, त्याची वार्ता आता आमच्या कुही तालुक्यातील शिक्षकवर्गाच्या बोलण्यातही येऊ लागली आहे. आणि शाळांच्या कारभाराचा परामर्श घेणे हेच ज्या साप्ताहिक स्तंभाचे प्रयोजन, त्याला या विषयास बगल देता येणार नाही. माझे मत आरंभीच सांगतो. पालकांना ही मुभा असावी, परंतु तिची सरकारी दप्तरात रीतसर नोंद असावी. कारण आजच्या अलिखित सवलतीचा लाभ ज्याला होतो तो पालक आणि तिची झळ ज्याला बसते ते मूल, ही एका घरातली नसतात.

२००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या दहाव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले खरे, पण ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षा मात्र सांगितली नाही. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मूल न पाठविणाऱ्यास दरमहा एक रुपया दंडाची तजवीज होती. त्या मानाने आजचा कायदा उपदेशावरच समाधान मानतो. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांना घरी शिकण्याचा विकल्प स्पष्ट शब्दांत दिला. इतरांच्या बाबतीत मौन आहे, आणि त्या मौनाच्या आडोशानेच घरी शिकलेली मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देतात किंवा सतरा नंबरचा अर्ज भरून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून दहावीस बसतात.

शाळेविरुद्ध या पालकांची जी फिर्याद आहे तिच्यात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणारा, मतदारयाद्यांपासून पोषण आहाराच्या हिशेबापर्यंत सर्व नोंदींना जबाबदार असलेला गुरुजी मुलाच्या जिज्ञासेस वेळ देणार कोठून? त्यात शाळांतील शिक्षकसंख्या ठरविणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकपदांवरच गदा आणली. म्हणजे शाळा आधी दुर्बल करावयाची आणि मग ती दुर्बल आहे म्हणून पालकांनी तिचा त्याग करावयाचा, असा हा विपरीत क्रम आहे.

तथापि रूढ शिक्षणाचा सर्वांत कठोर निषेध जेथे झाला ते वर्धा आमच्या शेजारीच आहे, आणि तेथला बोध निराळा आहे. हा निषेध करणाऱ्या गांधीजींनी त्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेऐवजी घरी शिकविण्याचा प्रयोग केला होता. मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही आणि त्याबद्दल मुलांच्या मनात खंत राहिली, हे त्यांनी आत्मकथेत निःसंकोचपणे लिहिले आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी प्रचलित पद्धतीवर टीका केली, पण उपाय म्हणून जे पुढे ठेवले ती शाळाच होती: हस्तोद्योगाभोवती रचलेली, मातृभाषेतून चालणारी, सात वर्षांची आणि सर्वांसाठी मोफत.

आमच्या तालुक्यात प्रश्न अधिक बिकट होतो. कुही-मांढळच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची साफ करण्याच्या जागांवर, देठे खुडणाऱ्या आईची मुलगी धाकट्या भावंडास सांभाळत घरी राहते, तेव्हा सलग तीस दिवसांच्या गैरहजेरीनंतर ती शाळाबाह्य गणली जाते. अभियंत्याचा मुलगा घरी गणित आणि संगणक शिकतो, तोही कोणत्याच हजेरीपटावर नाही. दप्तराला दोघांतील भेद कळत नाही, आणि जेथे भेद कळत नाही तेथे चौकशीही होत नाही. गोसीखुर्द प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्या गावांचा हा तालुका असल्यामुळे, कुटुंबाने स्थलांतर केले की मुलाचे नाव कागदावरून गळून पडणे म्हणजे काय, हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

यावर माझी सूचना साधी आहे. घरी शिकविणाऱ्या पालकाने पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे एक पानी निवेदन द्यावे. केंद्रप्रमुखाने वर्षातून एकदा मुलाशी बोलून, गुण न देता, प्रगतीची नोंद करावी. आणि गावच्या शाळेचे ग्रंथालय व मैदान त्या मुलास खुले ठेवावे. यातून परवान्यांचे राज्य आणि चिरीमिरीचा बाजार माजेल, ही भीती अनाठायी नाही. म्हणून नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्यास नसावा, केवळ नोंदीची पोच देण्याचे बंधन असावे. ज्यांच्यापाशी विद्या, वेळ आणि द्रव्य आहे त्यांना एवढा उपद्रव सोसण्यासारखा आहे. त्यांची यादी निराळी झाली म्हणजे उरलेले मूल शाळेत का नाही, या प्रश्नाला ‘घरीच शिकते’ असे मोघम उत्तर देण्याची सोय ना मजुरी करवून घेणाऱ्यास राहील, ना शाळा बंद करू पाहणाऱ्या खात्यास.