नव्या वर्षासाठी एकच शब्द

जानेवारी उजाडला की घराघरांतल्या भिंतीवर नवी दिनदर्शिका लागते आणि तिच्याबरोबर दोन-चार संकल्पही सोडले जातात. त्यांतला एखादा संक्रांतीपर्यंत टिकला तरी पुष्कळ! ख्रिस्ती कुटुंबांत मात्र वर्षारंभाची आणखी एक प्रथा आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये उपासना होते, बारा वाजता नव्या वर्षाचे स्वागत होते आणि कित्येक घरांत बायबलमधले एखादे वचन वर्षभरासाठी निवडले जाते. कुणी छापील चिठ्ठी उचलतो, तर कुणी वाचताना मनाला भिडलेली ओळ डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. संकल्पात माणूस स्वतः शब्द देतो. या प्रथेत तो देवाचा शब्द घेतो.

पण खरी अडचण येते तेव्हा असे वचन उपयोगी पडते का? लखनौ शहराशी जवळचे नाते असलेल्या एका माणसाच्या आयुष्यात या प्रश्नाची चांगलीच कसोटी लागली.

त्यांचे नाव डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स. ३ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात त्यांचा जन्म झाला. १९०७ साली ते मेथॉडिस्ट पंथाचे तरुण पाद्री म्हणून लखनौला आले आणि लालबागच्या चर्चचे काम पाहू लागले. मेथॉडिस्टांसाठी हे गाव नवे नव्हते. १८७० च्या जानेवारीत इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन या दोन तरुणी बोटीने मुंबईला उतरल्या होत्या. इझाबेलाबाईंनी त्याच वर्षी लखनौच्या अमीनाबादेत अवघ्या सहा मुलींची शाळा काढली, तर क्लाराबाईंनी बरेलीत स्त्रियांसाठी वैद्यकीय सेवा सुरू केली.

जोन्स यांच्या कामाला मात्र लवकरच खीळ बसली. साडेआठ वर्षांच्या अतिश्रमाने त्यांचे मन आणि मेंदू पार थकून गेले. सुटी घेऊन ते मायदेशी गेले, विश्रांती घेऊन परतले, पण पुन्हा कोसळले. थंड हवेच्या ठिकाणी जाऊनही गुण येईना. आता हे काम सोडून परत जावे आणि एखाद्या शेतावर राहावे, इथपर्यंत विचार आला. अशा अवस्थेत एके दिवशी लखनौमध्येच प्रार्थना करताना त्यांना आतून विचारल्यासारखे वाटले, की या कामाला तू तयार आहेस का? आपली शक्ती संपली आहे, असे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले. मग हा भार माझ्यावर सोड, असा दिलासा त्यांना मिळाला, आणि त्यांनी तो सोडला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे ते अखंड हिंडत, बोलत आणि लिहीत राहिले.

१९२८ साली त्यांची बिशपपदी निवड झाली, परंतु ती त्यांनी नाकारली. १९३० मध्ये नैनितालजवळ सातताल येथे त्यांनी आश्रम काढला. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी, तुम्हाला नेमकी कशाची गरज आहे, हे मोकळेपणी सांगावे लागे. सफाई कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुटी असे आणि त्या दिवशी त्याचे काम आश्रमवासी स्वतः करत.

मनाचे दुखणे स्वतः भोगलेल्या या माणसाने केवळ प्रार्थनेचा सल्ला दिला नाही, हे विशेष. १९५० साली त्यांच्या पुढाकाराने लखनौत ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र उभे राहिले. श्रद्धा आणि वैद्यकशास्त्र यांनी हातात हात घालून चालावे, असे त्यांना वाटे.

खरी परीक्षा पुढेच होती. डिसेंबर १९७१ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्या वाणीवर सारे आयुष्य उभे होते ती अडखळू लागली, दृष्टी मंदावली, पाय चालेनात. नवे वर्ष उगवले ते आजारपणात. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मंदिराच्या दारी बसलेल्या पांगळ्याला पेत्र येशूच्या नावाने उठून चालायला सांगतो. तेच शब्द आपल्याला ऐकवा, असे जोन्स भेटणाऱ्यांना आणि परिचारिकांनाही सांगत.

त्यांच्या मनात आणखी एक वचन घर करून होते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो, की देवाच्या सगळ्या वचनांना ख्रिस्तामध्ये ‘होय’ असे उत्तर आहे. हा ‘होय’ शरीर धडधाकट असताना सांगणे सोपे होते. आता तो अंथरुणावरून सांगायचा होता. अडखळत्या आवाजात त्यांनी या विषयावरचे पुस्तक ध्वनिफितीवर सांगायला सुरुवात केली. १९७२ च्या जूनमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून ते जेरुसलेमच्या मेळाव्यातही बोलले.

पूर्वीसारखे चालणे मात्र परत आले नाही. ८९ वा वाढदिवस झाल्यावर तीन आठवड्यांनी, २५ जानेवारी १९७३ रोजी, बरेलीत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग वचन खोटे ठरले का? ज्याला वचन म्हणजे हमखास इलाज वाटतो, त्याला तसे वाटेल. पण शरीराने प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हटले असताना ज्याने रोज सकाळी कामाला ‘होय’ म्हटले, त्याला काही मिळालेच नाही असे कसे म्हणावे?

नव्या वर्षी वचन निवडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. एकच ओळ तोडून न घेता तिच्या मागचा-पुढचा सारा अध्याय वाचावा. ती रोज एकदा मोठ्याने म्हणावी आणि घरातल्यांनाही ऐकवावी. कारण खचलेल्या माणसाला कधी कधी आपले वचन दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. औषध, डॉक्टर, विश्रांती यांना मात्र सोडचिठ्ठी देऊ नये. ज्यांचा धर्मग्रंथ वेगळा आहे, त्यांच्यासाठी गीतेचा श्लोक, ज्ञानेश्वरीतली ओवी किंवा तुकोबांचा अभंग आहेच.

वर्ष कसे जाईल हे दिनदर्शिकेत छापलेले नसते. म्हणून वचन पाठ करायचे ते बरे दिवस असतानाच. वाईट दिवशी ते शोधायला त्राण उरतेच असे नाही.