घरच्या शाळेत मास्तरीण कोण?

वस्तीतल्या एका मैत्रिणीने विचारले, ‘ताई, पोरीला घरीच शिकवते. मोबाइलवर काय मिळेल?’ मिळते पुष्कळ, तेही फुकट. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर, धडे २०१७ पासूनच्या ‘दीक्षा’वर, १४ वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीही देता येते. पण हे शोधायचे, समजून घ्यायचे, शिकवायचे कोणी? तिनेच, चार घरची धुणीभांडी उरकून. फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात! शाळा का सोडवतेस, विचारले. रस्त्यात पोरे छेडतात म्हणाली. म्हणजे छेडणारे मोकळे, पोर घरात, आणि आईवर आणखी एक काम. मैत्रिणींनो, माहिती जरूर द्या. पण आधी त्या रस्त्याबद्दल शाळेत आणि चौकीत जाऊ या. आणि घरीच शिकवायचे ठरले, तर गणित बापाने घ्यावे.