कात्री लांडग्याला, अभय आईला

मुलांच्या गोष्टींतला लांडगा हल्ली शाकाहारी झाला आहे. लाल टोपीवालीच्या आजीला तो खात नाही, कपाटात कोंडतो. आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर तर भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ अडवतो तो खायला नव्हे, दोस्ती करायला! मुलं कोवळी असतात, घाबरतात, रात्री झोपत नाहीत, असं पालकांचं म्हणणं. मग म्हातारी भोपळ्यात बसते कशाला, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

हेच पालक जेवताना टीव्हीवर खुनाच्या बातम्या लावतात आणि पोरगं घास गिळत नसलं की ‘पोलीसकाकांना बोलावू का?’ म्हणून दटावतात. गोष्टीतला वाघ कुठल्याशा जंगलात असतो. पोलीस तर नाक्यावर खरोखरच उभा असतो. कुणाला घाबरायचं, तुम्हीच ठरवा.

चार वर्षांच्या पोराला भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट जशीच्या तशी सांगून बघा. वाघ आला की ते तुमच्या मांडीत सरकतं, म्हातारी निसटली की ‘परत सांग’ म्हणतं, आणि दुसऱ्या वेळी तुम्ही वाघ गाळलात तर तुमच्यावरच डाफरतं. भीती त्याला हवी असते, कारण ती कुठे संपते हे त्याला पाठ असतं. सांगणाऱ्यालाही पोराचं तोंड दिसत असतं. आवाज कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा, ते त्यावरून कळतं. पडद्यापुढे पोराला एकटं बसवून मोकळं होणाऱ्यांनी हा मुद्दा सोडून दिला तरी चालेल.

गोष्टींना कात्री लावायचा हा उद्योग नवा नाही. याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी जर्मन लोककथांचा पहिला खंड १८१२ साली काढला. पुढच्या आवृत्त्यांत विल्हेल्मने त्या ‘मुलांना योग्य’ करायला घेतल्या. मनोऱ्यातली रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारते, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत? ते वाक्य गेलं. हिमगौरीच्या लग्नात दुष्ट राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात, ते मात्र राहिलं. गरोदरपण मुलांना झेपणार नाही, भाजलेले पाय झेपतील, असा हा हिशेब!

पण खरी कलाकुसर पुढेच आहे. १८१२ च्या हिमगौरीत मुलीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून यायचा सल्ला देणारी आईही मूळची सख्खीच. तीही पुढे सावत्र झाली. आईपणाला डाग नको, म्हणून गुन्हा शेजारच्या बाईच्या नावावर चढवला. लांडग्याचं भय गोष्टीबरोबर विरतं. सावत्र आई मात्र पोराच्या डोक्यात मुक्कामाला राहते, आणि घरात एखाद्या मुलाला खरोखर नवी आई येते तेव्हा तिचा निकाल ती उंबरा ओलांडण्याआधीच लागलेला असतो. वाचनकट्ट्याच्या संपादकमंडळाला हे भयंकर वाटल्याचं मला दिसलं नाही. आमच्याकडच्या नावडत्या राण्या आणि चेटकिणी तर त्यांनी वाचल्यासुद्धा नसतील.

आपल्या कीर्तनांतली चिलया बाळाची कथा घ्या. अतिथी होऊन आलेल्या शंकराने मागितलं म्हणून श्रियाळ राजा आणि चांगुणा पोटच्या पोराला कापतात. आई त्याचं डोकं उखळात कांडते. शेवटी देव प्रसन्न होऊन मूल परत देतो, हे खरं. तरी ही सख्खीच आई आहे आणि कथा तिला कुठे लपवत नाही. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ती ऐकवायला पोरांना हौसेने पहिल्या रांगेत बसवणाऱ्यांनी मला लांडग्याबद्दल शिकवू नये.

ग्रिमांकडे परत येतो. १८२५ साली त्यांनी खास मुलांसाठी निवडक पन्नास गोष्टींची छोटी आवृत्ती काढली. तीत एक गोष्ट आहे : जादूच्या सारंगीवर एका ज्यूला काटेरी झुडपात रक्तबंबाळ होईस्तोवर नाचवायचं आणि शेवटी फासावर चढवायचं. ना राक्षस, ना लांडगा. या गोष्टीने तिथल्या कुठल्या पोराची झोप उडाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.