खुर्ची मतदारांची, निवड गव्हर्नरची

इलिनॉय राज्याचे माजी गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी पूर्ण माफी दिली आणि सोळा वर्षांपूर्वी अमेरिकी राजकारणाला हादरा देणाऱ्या प्रकरणावर कायद्याच्या दृष्टीने पडदा पडला. बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आल्यामुळे सिनेटमध्ये रिकाम्या झालेल्या जागेचा सौदा करू पाहिल्याचा ठपका ब्लागोयेविच यांच्यावर होता. व्यक्तीला माफी मिळाली. मात्र ज्या अधिकाराच्या बळावर असा सौदा करण्याचा मोह होतो, तो अधिकार बहुतेक राज्यांच्या गव्हर्नरांकडे कायमच आहे. जे. डी. व्हान्स उपाध्यक्ष आणि मार्को रुबिओ परराष्ट्रमंत्री झाल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये ओहायो आणि फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी अनुक्रमे जॉन हस्टेड आणि अॅशली मूडी यांची सिनेटवर नेमणूक केली, ती याच अधिकारात. त्यामुळे इलिनॉयच्या त्या जागेची कहाणी पुन्हा तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

घटनेतील पळवाट

अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालासारखा नामधारी नसतो. तो जनतेने थेट निवडलेला, मुख्यमंत्र्याच्या तोडीचे अधिकार असलेला राज्यप्रमुख असतो. आपल्याकडे राज्यातून निवडून गेलेल्या राज्यसभा सदस्याची जागा रिकामी झाली, तर आमदार मतदान करून ती भरतात. अमेरिकेतही १९१३ पूर्वी सिनेटर निवडण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांकडेच होते. पण त्यात पैशांचे व्यवहार होत असल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. योगायोग असा, की त्यातील सर्वांत गाजलेले प्रकरणही इलिनॉयचेच होते. विधिमंडळात लाचलुचपत झाल्याच्या कारणावरून विल्यम लॉरिमर यांची निवड सिनेटने १९१२ मध्ये रद्दबातल ठरवली. त्यानंतर वर्षभराच्या आत सतरावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि सिनेटर थेट जनतेने निवडावा, असे ठरले.

जागा मध्येच रिकामी झाल्यास गव्हर्नरने निवडणूक जाहीर करावी, हा या दुरुस्तीतील मूळ नियम. मात्र जनता निवडणुकीने जागा भरेपर्यंत 'तात्पुरती नेमणूक' करण्याची मुभा विधिमंडळ गव्हर्नरला देऊ शकते, असा अपवादही तिच्यात जोडण्यात आला. बहुसंख्य राज्यांनी तो स्वीकारला. कालांतराने अपवाद हाच नियम झाला आणि निवडणूक पुढच्या सोयीच्या तारखेपर्यंत लांबू लागली.

सिनेटर असताना थेट अध्यक्षपदी निवडून आलेले आजवर तिघेच. वॉरेन हार्डिंग (१९२०), जॉन केनेडी (१९६०) आणि ओबामा (२००८). हार्डिंग यांची मुदत संपतच आली होती आणि त्यांच्या जागी फ्रँक विलिस निवडूनही आले होते. त्यांनाच काही आठवडे आधी बसवण्यात आले, त्यामुळे वाद उद्भवला नाही. केनेडी यांच्या जागी मात्र मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी त्यांचे महाविद्यालयीन काळातील खोलीमित्र बेंजामिन स्मिथ यांना पाठवले. केनेडी यांचे धाकटे बंधू एडवर्ड तेव्हा २८ वर्षांचे होते आणि सिनेटसाठी वयाची किमान अट तीस वर्षांची. एडवर्ड यांनी ती अट पूर्ण करून १९६२ ची निवडणूक जिंकेपर्यंत स्मिथ यांनी ती खुर्ची सांभाळली. हे सारे कायदेशीर होते. मात्र मतदारांची जागा एखाद्या घराण्याची ठेव म्हणून कशी जपली जाऊ शकते, हेही त्यातून दिसले.

अटक, महाभियोग आणि शपथविधी

ओबामा यांनी १६ नोव्हेंबर २००८ रोजी सिनेटचा राजीनामा दिला. त्यांच्या मुदतीची दोन वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक होती. ९ डिसेंबरला एफबीआयने ब्लागोयेविच यांना घरून अटक केली. दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांनी केलेला आरोप गंभीर होता. नेमणुकीच्या बदल्यात मंत्रिपद, मोठ्या पगाराची नोकरी किंवा निवडणूक निधी मिळवण्याचा गव्हर्नरांचा प्रयत्न असल्याचे त्यात म्हटले होते.

नेमणूक करू नका, असे सिनेटमधील डेमोक्रॅटिक सदस्यांनी बजावूनही ब्लागोयेविच यांनी ३० डिसेंबरला राज्याचे माजी अॅटर्नी जनरल रोलंड बरिस यांचे नाव जाहीर केले. राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जेसी व्हाइट यांनी प्रमाणपत्रावर सही करण्यास नकार दिला आणि ६ जानेवारी २००९ रोजी बरिस यांना सिनेटच्या दारातून परतावे लागले. ओबामा गेल्यानंतर सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य उरला नव्हता आणि बरिस कृष्णवर्णीय होते. त्यांना अडवणे डेमोक्रॅटिक पक्षासाठी नैतिकदृष्ट्या सोपे, पण राजकीयदृष्ट्या अवघड होऊन बसले. अखेर, नेमणूक वैध ठरण्यास व्हाइट यांच्या सहीची गरज नाही, असा निर्वाळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि १५ जानेवारीला बरिस यांचा शपथविधी झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी राज्याच्या सिनेटने ब्लागोयेविच यांना महाभियोगात ५९ विरुद्ध ० मतांनी पदच्युत केले. म्हणजे गव्हर्नर अपात्र ठरला, पण त्याने केलेली निवड टिकून राहिली. नेमणुकीपूर्वीच्या संभाषणांबद्दल दिशाभूल करणारी माहिती दिल्यावरून सिनेटच्या नैतिकता समितीने पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये बरिस यांना समज दिली.

साठांतील पाच

दोन वर्षांची तात्पुरती जागा, तिचा एवढा गाजावाजा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर २४ डिसेंबर २००९ च्या मतदानात आहे. ओबामांचे आरोग्यविषयक विधेयक सिनेटने त्या दिवशी ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केले. विरोधकांची अडवणूक मोडण्यासाठी नेमकी साठ मतेच लागत होती. एकही मत कमी पडून चालणार नव्हते. या साठांपैकी पाच जण गव्हर्नरांनी नेमलेले होते. इलिनॉयचे बरिस, न्यूयॉर्कमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या जागी आलेल्या कर्स्टन गिलिब्रँड, डेलावेअरमध्ये जो बायडेन यांच्या जागी आलेले टेड कॉफमन, कोलोरॅडोत केन सालाझार यांच्या जागी आलेले मायकेल बेनेट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड केनेडी यांच्या निधनानंतर आलेले पॉल कर्क. विधेयक चांगले की वाईट, हा वेगळा प्रश्न. पण कोट्यवधी नागरिकांच्या जीवनाला स्पर्श करणारा कायदा अशा पाच मतांवाचून मंजूर होऊ शकला नसता, ज्यांना त्या जागेसाठी तोवर एकाही मतदाराने मत दिलेले नव्हते.

तत्त्व आणि गणित

ब्लागोयेविच यांच्या अटकेनंतर पोटनिवडणूक हा सरळ मार्ग होता आणि सुरुवातीला डेमोक्रॅटिक नेत्यांनीही तो सुचवला. मात्र बदनामीच्या वातावरणात जागा रिपब्लिकन पक्षाकडे जाईल, ही भीती पुढे आली आणि राज्य विधिमंडळात तो प्रस्ताव बाजूला पडला. मॅसॅच्युसेट्समध्ये याहून उघड हिशेब झाला. २००४ मध्ये जॉन केरी अध्यक्ष होण्याची शक्यता दिसताच, रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या हाती नेमणूक जाऊ नये म्हणून डेमोक्रॅटिक विधिमंडळाने तो अधिकारच काढून घेतला. पाच वर्षांनी स्वपक्षाचा गव्हर्नर असताना त्यांनीच तो परत दिला.

न्यायालयांनीही या व्यवस्थेची मर्यादा दाखवून दिली. ब्लागोयेविच यांना २०११ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने पाच आरोपांवरील दोषसिद्धी रद्द केली. एका सरकारी पदाच्या बदल्यात दुसरे सरकारी पद मागणे ही राजकारणातील नेहमीची देवाणघेवाण असून तो गुन्हा नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. बाकीचे आरोप कायम राहिले. जवळपास आठ वर्षांच्या तुरुंगवासानंतर ट्रम्प यांनी २०२० मध्ये त्यांची शिक्षा कमी केली. अर्थ असा, की पैसा मागितला तर कायदा पकडतो, पद मागितले तर सोडतो. सौदा थांबवणे फौजदारी कायद्याच्या आवाक्यातले काम नाही.

त्याच अपील न्यायालयाने, इलिनॉयच्याच जागेबाबत, सतरावी दुरुस्ती निवडणुकीचा आग्रह धरते, असे २०१० मध्ये स्पष्ट केले. परिणामी २ नोव्हेंबर २०१० रोजी मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर दोनदा कौल दिला. एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी, दुसरा पुढील सहा वर्षांसाठी. दोन्ही वेळा रिपब्लिकन पक्षाचे मार्क कर्क जिंकले. ज्या भीतीपोटी निवडणूक टाळली, तीच अखेर खरी ठरली.

निवडणुकीला वेळ आणि खर्च लागतो, तोवर राज्याने प्रतिनिधीविना राहावे काय, हा नेमणुकीच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण मध्यम मार्गही उपलब्ध आहेत. ओरेगॉन आणि विस्कॉन्सिनमध्ये जागा निवडणुकीनेच भरली जाते. वायोमिंगमध्ये ज्या पक्षाची जागा, तो पक्ष तीन नावे देतो आणि गव्हर्नरला त्यांतूनच एक निवडावे लागते. २००७ मध्ये डेमोक्रॅटिक गव्हर्नरने याच पद्धतीने रिपब्लिकन जॉन बरासो यांना नेमले. रिकाम्या जागा केवळ निवडणुकीनेच भराव्यात, अशी घटनादुरुस्ती सिनेटर रस फाइनगोल्ड यांनी २००९ मध्ये मांडली होती. ती पुढे सरकली नाही, कारण आजचा विरोधक उद्याचा गव्हर्नर असतो आणि हाती येऊ शकणारा अधिकार कोणालाच सोडवत नाही.

लॉरिमर यांच्या प्रकरणातून शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेने धडा घेतला, तो मोजक्या आमदारांना विकत घेता येते, सगळ्या जनतेला नाही, हा होता. मोजक्या आमदारांच्या जागी एकच गव्हर्नर आणून बसवला, तर तो धडा अर्धाच गिरवल्यासारखे होते. ब्लागोयेविच यांना माफी देता येते; रिकाम्या खुर्चीवर मतदारांचा असलेला हक्क मात्र कोणा एकाच्या सहीने परत मिळणारा नाही. त्यासाठी प्रत्येक राज्याला आपला कायदाच बदलावा लागेल.