फ्रिगेट आली, पण वॉटर कॅननचं काय?

एखाद्या देशाचं नौदल स्वतःचंच जहाज मुद्दाम खडकावर चढवतं, यावर पटकन विश्वास बसणार नाही. फिलिपिन्सनं १९९९मध्ये नेमकं हेच केलं. 'सिएरा माद्रे' हे १९४४ साली अमेरिकेत बांधलेलं, शंभर मीटर लांबीचं जुनं जहाज त्यांनी पालावान बेटापासून साधारण १९५ किलोमीटरवर, सेकंड थॉमस शोल नावाच्या प्रवाळखडकावर नेऊन रुतवलं. ते आजही तिथेच आहे. पत्रे गंजून भोकं पडलीत, तरी मूठभर मरीन सैनिक आळीपाळीनं त्यात राहतात. कारण ते जहाज अजूनही नौदलाच्या यादीवर आहे. त्याला हात लावला, तर तो देशाच्या नौदलाला हात लावल्यासारखं होतं. एवढ्या एका मुद्द्यावर तो खडक फिलिपिन्सनं धरून ठेवलाय.

त्याच नौदलात मे २०२५मध्ये 'बीआरपी मिगेल मालवार' ही कोरी करकरीत फ्रिगेट दाखल झाली. (आपल्याकडे 'आयएनएस', तसं तिकडे 'बीआरपी'.) ११८ मीटर लांब, ३,२०० टनांची. जहाजविरोधी क्षेपणास्त्रं, हवेतल्या लक्ष्यावर थेट उभी सुटणारी क्षेपणास्त्रं ठेवायला १६ कप्पे, पाणबुडीवर मारायला टॉर्पेडो, मागे हेलिकॉप्टरला जागा. बांधली दक्षिण कोरियाच्या एचडी ह्युंदाईनं. कारवाल्या ह्युंदाईची ही चुलत कंपनी, एकेकाळी एकाच घरातली. अंदाज यावा म्हणून सांगतो, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आपली 'आयएनएस निलगिरी' १४९ मीटरची आणि वजनानं मालवारच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे मालवार अवाढव्य वगैरे नाही. मुळात ऑर्डर दिली तेव्हा तिला 'कॉर्व्हेट' म्हणत होते, नंतर बढती मिळून ती 'फ्रिगेट' झाली! पण फिलिपिन्सच्या नौदलाकडे याआधी जे होतं, ते बघितलं की ही उडी केवढी मोठी आहे ते कळतं. १९४३ साली अमेरिकेच्या नौदलात रुजू झालेली, मग जपानमध्ये नोकरी करून फिलिपिन्सला आलेली 'राजा हुमाबोन' ही युद्धनौका त्यांनी निवृत्त केली ती थेट २०१८मध्ये. पंचाहत्तराव्या वर्षी!

अशी नवी जहाजं आली की ढणढणीत म्युझिक लावलेल्या रील्स फिरू लागतात. 'आता चीनला कळेल' असा त्यांचा सूर असतो. खरंच कळेल का? हे समजायला तीस-पस्तीस वर्षं मागे जावं लागेल.

छत्री मिटली

फिलिपिन्सला मोठं नौदल कधी बाळगावंच लागलं नव्हतं. सुबिक बेला अमेरिकेचा अवाढव्य नाविक तळ होता, क्लार्कला हवाई तळ होता. बाहेरचं संकट अमेरिका बघेल, आपलं लष्कर जंगलातल्या बंडखोरांशी लढेल, अशी अलिखित वाटणी. सप्टेंबर १९९१मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटनं १२ विरुद्ध ११ मतांनी तळांचा नवा करार फेटाळला. एका मतानं! नोव्हेंबर १९९२मध्ये शेवटचे अमेरिकी सैनिक सुबिकहून निघाले. आणि १९९५च्या सुरुवातीला फिलिपिन्सला कळलं, की आपण हक्क सांगतो त्या मिसचीफ रीफवर चीननं बांधकाम करून ठेवलंय. त्याच वर्षी लष्कराच्या आधुनिकीकरणाचा कायदा झाला. पंधरा वर्षांचा कार्यक्रम होता, पण पैसा फारसा आलाच नाही. १९९९मध्ये त्या खडकावर नवी युद्धनौका न जाता एक म्हातारं जहाज जाऊन रुतलं, त्यामागचं कारण हेच. तेव्हा देण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

२०१२मध्ये कायदा नव्यानं आणला, तेव्हा कुठे चक्रं हलली. दोन फ्रिगेटची निविदा निघाली आणि यात आपला एक किस्सा आहे. सगळ्यात कमी बोली होती कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्सची. पण आर्थिक क्षमतेच्या अटीवर ती पुढच्या छाननीत बाद झाली आणि ऑक्टोबर २०१६मध्ये ह्युंदाईशी करार झाला. किंमत सुमारे १,६०० कोटी पेसो. त्यातून 'होजे रिझाल' (२०२०) आणि 'अँटोनियो लुना' (२०२१) आल्या. रिझाल हे फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष, डॉक्टर आणि कादंबरीकार. स्पॅनिश राजवटीनं १८९६मध्ये त्यांना गोळ्या घातल्या.

हा करार सरळ पार पडला नाही. जहाजाचा मेंदू म्हणता येईल अशी जी यंत्रणा असते, रडार, तोफा, क्षेपणास्त्रं यांना एकत्र जोडणारी, ती कुठल्या कंपनीची घ्यायची यावरून नौदल आणि संरक्षण खात्यात जुंपली. नौदलाला एक हवी होती, ह्युंदाईनं दुसरी निवडली आणि करारात निवडीचा हक्क बांधणाऱ्याकडेच होता. डिसेंबर २०१७मध्ये नौदलप्रमुखांना पदावरून जावं लागलं, प्रकरण सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं. शिवाय पैसे वाचवायला या दोन फ्रिगेटवर उभ्या क्षेपणास्त्रांचे कप्पे बसवलेच नाहीत. जागा सोडून ठेवली. आपण नवीन घरात एसीचा पॉइंट काढून ठेवतो, एसी 'नंतर बघू' म्हणतो, तसं. हवाई हल्ल्यापासून बचावाला कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रं आहेत, त्यावर भागवायचं.

मालवार आणि तिची बहीण 'दिएगो सिलांग' यांच्या वेळी ही चूक टाळली. डिसेंबर २०२१चा तो करार सुमारे २,८०० कोटी पेसोंचा, त्या वेळच्या दरानं चार हजार कोटी रुपयांच्या घरात. मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते राजकारण. निविदेचं काम सुरू झालं चीनविरुद्ध हेगच्या लवादात गेलेल्या बेनिग्नो अक्विनो यांच्या काळात. दोन्ही करारांवर सह्या झाल्या त्या चीनशी जुळवून घेणाऱ्या रॉड्रिगो दुतेर्ते यांच्या कारकिर्दीत. आणि मालवारचं स्वागत केलं ते फर्डिनंड मार्कोस ज्युनिअर यांच्या सरकारनं. तिघांचं चीनधोरण एकमेकांशी जुळत नाही, पण ऑर्डर एकाच शिपयार्डकडे जात राहिली. २०२५ संपता संपता आणखी दोन फ्रिगेटचा करार झाला, तोही तिथेच. एकाच घराण्यातल्या जहाजांना सुटे भाग सारखे, प्रशिक्षण सारखं. छोट्या नौदलासाठी ही फार मोठी सोय असते आणि रीलमध्ये ती कधीच दिसत नाही.

शिट्टी वाजवणाऱ्यावर तोफ कशी रोखणार?

आता मूळ प्रश्न. एप्रिल २०१२मध्ये स्कारबरो शोलजवळ चिनी मच्छीमार बोटी सापडल्या. ही जागा लुझोन बेटापासून साधारण २२० किलोमीटरवर, म्हणजे फिलिपिन्सच्या ३७० किलोमीटरच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात. फिलिपिन्सनं तिथे पाठवली 'ग्रेगोरिओ देल पिलार', नौदलाची तेव्हाची सगळ्यात मोठी युद्धनौका. तीही अमेरिकी कोस्ट गार्डनं वापरून सोडलेली. चीननं मात्र नौदल पाठवलंच नाही. त्यांची साधी, सरकारी गस्तीची जहाजं मध्ये येऊन उभी राहिली. म्हणजे जगाला दिसलं काय, तर मच्छीमारांवर युद्धनौका घातली ती फिलिपिन्सनं! युद्धनौका मागे घ्यावी लागली, पाठोपाठ तटरक्षक दलाची बोटही. शोल चीनच्या ताब्यात गेला तो आजतागायत. सप्टेंबर २०२५मध्ये चीननं तिथे चक्क 'निसर्ग अभयारण्य' जाहीर केलं. झांबालेस प्रांतातल्या मसिनलोकसारख्या गावांतले मच्छीमार पिढ्यान् पिढ्या तिथे मासेमारी करत आलेत. २०१६च्या हेग लवादाच्या निकालात त्यांचा हा पारंपरिक हक्क मान्य झालाय. तरी आज बोटी अडवल्या जातात.

याला 'ग्रे झोन' म्हणतात. धड युद्ध नाही, धड शांतता नाही. वॉटर कॅननचा मारा, धडक मारणं, वाट अडवणं, डोळ्यांवर लेझर. १७ जून २०२४ला सेकंड थॉमस शोलजवळ चिनी जवान कुऱ्हाडी आणि चाकू घेऊन रबरी बोटींवर आले, त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. यातल्या कशाला क्षेपणास्त्रानं उत्तर देणार? दिलंत, तर पहिली गोळी तुमची ठरते. मार्कोस यांनी डिसेंबर २०२४मध्ये स्पष्टच सांगितलं, की आपण युद्धात नाही, तिथे नौदलाच्या युद्धनौका पाठवणार नाही. म्हणून रोजचा मार खातं ते तटरक्षक दल. ११ ऑगस्ट २०२५ला त्यांच्या ४४ मीटरच्या 'सुलुआन' बोटीचा पाठलाग करताना चिनी तटरक्षक दलाचं जहाज चीनच्याच विनाशिकेवर आदळलं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. सुलुआन जपाननं बांधून दिलेली आहे. मला विचाराल तर अशा आणखी बोटी, आणि कुठून किती पैसे जातात हे बघता त्या अजून लवकर, ही फिलिपिन्सची रोजची खरी गरज आहे.

मग फ्रिगेट वाया गेल्या? अजिबात नाही. ग्रे झोन 'ग्रे' राहतो, कारण त्याच्या पलीकडे काहीतरी उभं आहे याची समोरच्याला जाणीव असते. फिलिपिन्ससाठी ते 'काहीतरी' म्हणजे अमेरिकेशी १९५१ साली झालेला परस्पर संरक्षण करार. पण नुसता कागद दाखवून मित्र धावून येत नाहीत. सोबत गस्त घालायला, पाणबुडी शोधायला, रडारचं चित्र एकमेकांना द्यायला तुमच्याकडेही त्या तोडीचं जहाज लागतं. ऑगस्ट २०२५मध्ये भारत आणि फिलिपिन्सच्या नौदलांनी दक्षिण चीन समुद्रात एकत्र सराव केला. तिकडून मालवार आणि रिझाल, इकडून माझगाव डॉकची 'आयएनएस दिल्ली', 'शक्ती' आणि 'किल्तान'. ही किल्तान कोलकात्याच्या त्याच गार्डन रीचनं बांधलेली, जिची बोली रिझालसाठी बाद झाली होती! शिवाय भारताकडून ३७.५ कोटी डॉलरला घेतलेली ब्राह्मोस क्षेपणास्त्रं फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर आहेतच. समुद्रात दूरवर काय चाललंय हे जहाजांनी बघायचं आणि गरज पडली तर किनाऱ्यावरून मारा करायचा, असं ते गणित आहे. चीनच्या नौदलात ३७०हून जास्त जहाजं आहेत. चार-सहा फ्रिगेट त्यांच्याशी बरोबरी करायला घेतलेल्याच नाहीत.

माझी शंका वेगळी आहे, खर्चाची. जानेवारी २०२४मध्ये मार्कोस यांनी दहा वर्षांसाठी सुमारे दोन लाख कोटी पेसोंच्या लष्करी खरेदीला मंजुरी दिली. त्यात पाणबुड्याही आहेत. मंजुरी म्हणजे तिजोरीतले पैसे नव्हेत, हे १९९५च्या कायद्यानं तिथे एकदा दाखवून दिलंय. आणि जहाज विकत घेणं हा सोपा भाग आहे. पुढची तीस वर्षं क्षेपणास्त्रं, इंधन, सुक्या गोदीतली डागडुजी, सोनार ऐकून पाणबुडी ओळखणारी माणसं, हे सगळं दरवर्षी लागतं. सोनारवर बसणारा माणूस तयार व्हायला वर्षं जातात. तो टिकवणं आणखी अवघड, कारण फिलिपिन्समधली लाखो माणसं व्यापारी जहाजांवर कामाला आहेत आणि तिथला पगार डॉलरमध्ये मिळतो. रिझालवरच्या त्या मोकळ्या सोडलेल्या जागेकडे बघत राहा. तिथे कप्पे बसतात की नाही, यावरून फिलिपिन्स किती गंभीर आहे हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कळेल.

आणि सिएरा माद्रे? जुलै २०२४मध्ये चीनशी तात्पुरता समझोता झाल्यापासून तिथे रसद बरीच शांततेत पोचते. ती घेऊन मालवार जात नाही. जाते एक नागरी बोट, सोबतीला तटरक्षक दलाचं जहाज. तांदूळ, पाणी, औषधं, आणि बदलीवर आलेले सैनिक.