बोली हशापुरतीच?

नागपूरला लागून, अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीतला प्रेक्षक मराठी मालिका पाहावयास बसतो तेव्हा त्याच्यापुढे बहुधा मुंबई-पुण्याचे अथवा कोल्हापूर-साताऱ्याकडचे घर उघडते. त्याची वऱ्हाडी-नागपुरी बोली कानी पडते ती बहुतेक वेळा हशा पिकविण्यापुरती. भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या'मधून ती घरोघरी पोहोचविली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद होय. परंतु त्याच बोलीत कुणी रडावे, भांडावे, कर्जाची चिंता करावी, असे मालिकालेखकांस सुचू नये?

नट नाहीत, ही सबब टिकणारी नाही. 'कोर्ट'मधील शाहीर नारायण कांबळे उभा केला तो नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; साथीदार २०२१ मध्ये करोनाने गेले. शाहीर मात्र मुंबईचा होता! विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर आधारलेल्या 'झुंड'मध्ये (२०२२) नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या वस्त्यांतील पोरांनाच पडद्यावर आणले. त्यांचे बोलणे विनोदासाठी नव्हते, जगण्यासाठी होते. पण तो चित्रपट हिंदी होता.