कंटेनर बघून व्यापार कळत नाही



गेल्या आठवड्यात या वृत्तपत्राच्या शैक्षणिक पुरवणीत एका व्यवस्थापन महाविद्यालयाच्या औद्योगिक भेटीची सचित्र बातमी होती. नव्वद विद्यार्थी, डोक्यावर जाळीच्या टोप्या, मागे शीतगृहाचे दार आणि खाली ओळ, ‘विद्यार्थ्यांनी जाणून घेतला आंतरराष्ट्रीय व्यापार’. मी पिंपळगाव परिसरातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये बावीस हंगाम निर्यातीचे कागद करतो आहे. ती ओळ वाचून आधी हसू आले, मग राग आला.

अशा दोन-तीन बस दर फेब्रुवारीत आमच्याकडेही येतात. नऊला येणारी बस साडेअकराला येते. पांढरे कोट वाटले जातात. पॅकिंग हॉलमध्ये बायका पाव किलोचा फरक हातानेच ओळखून घड पनेटमध्ये बसवत असतात, त्यांचे व्हिडिओ निघतात. प्रीकूलिंगच्या खोलीत थंडीने किंचाळणे होते. मग सभागृहात स्लाइड, समोसा, स्मृतिचिन्ह. दोनच्या ठोक्याला बस त्र्यंबकेश्वरला किंवा वायनरीकडे निघते. मुंबई-पुण्याच्या मुलांच्या भाषेत ही ‘आयव्ही’ (इंडस्ट्रियल व्हिजिट), आणि ती मनालीपर्यंतही जाते म्हणे. जाऊ दे बापडी. मनालीतही शिकता आले असते. अमेरिकी सफरचंदांवर भारताने 2019 मध्ये 20 टक्के जादा आयातशुल्क लावले, 2023 मध्ये ते काढले. त्याने काय फरक पडला, हे वाटेतल्या कुल्लूच्या एखाद्या बागायतदाराला कोणी विचारले असते, तर त्या सहलीचा खर्च वसूल झाला असता.

माझी तक्रार सहलीबद्दल नाही. या भेटींत माल दिसतो, पण व्यापार दिसत नाही, ही आहे. द्राक्षाचा घड मुलांनी नाशिकच्या बाजारातही पाहिलेला असतो. तो परदेशी विकला जातो म्हणजे नेमके काय होते, ते हॉलच्या मागच्या खोलीत माझ्या टेबलावर असते. त्या खोलीत आजवर एकही बस उतरलेली नाही.

एकदा एका हुशार मुलाने मला एफओबी आणि सीआयएफ या विक्रीच्या दोन अटींमधला फरक घडाघडा सांगितला. मी विचारले, ‘बाळा, बोट निघाल्यावर रीफर, म्हणजे थंड कंटेनर, बंद पडला आणि माल नासला, तर बुडणार कोण?’ तो पुस्तकाप्रमाणे म्हणाला, ‘खरेदीदार, सर.’ पुस्तकाप्रमाणे बरोबरच. पण युरोपात जाणारी बरीचशी द्राक्षे कन्साइनमेंटवर जातात. माल आज निघतो, भाव महिना-दीड महिन्याने कळतो. तिकडे पेट्या उघडल्या जातात, देठ वाळला, मणी गळाले, कूज आहे असे फोटो येतात आणि फोटोंच्या मागोमाग क्लेम येतो. शेवटी हिशोबाची पट्टी हातात पडते, तेव्हा कधी कधी भाडे आणि शीतगृहाचा खर्च वजा जाऊन बागायतदाराच्या वाट्याला उधारीच उरते. विमा असतो, पण तो कशाकशाला लागू नाही हेही कागदावरच असते. बुडणारा माणूस कोण, हे त्या मुलाला स्लाइडवर दिसणार नव्हते. आमच्या गेटावर हिशोबासाठी तासभर ताटकळलेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र दिसले असते.

बांगलादेशचा माल एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर जातो. तिथे गंमत वेगळी. बँक द्राक्षे बघत नाही, कागद बघते. एलसीचे यूसीपी 600 हे नियम 2007 पासून जगभरच्या बँका मानतात आणि त्यांचा गाभाच हा आहे. एका हंगामात पॅकिंग लिस्टवर 1,200 क्रेट आणि लॉरी रिसीटवर 1,220 असे पडले. आकडा चुकवणारा मीच. माल उत्तम पोचला, विकला गेला, लोकांनी खाल्लाही असेल, आणि आमचे पैसे मात्र एकोणीस दिवस लटकले. ही फाइल मी एकदाच एका मुलीला दाखवली. बस चुकून मागे राहिली होती बिचारी. ती म्हणाली, ‘म्हणजे द्राक्षं चांगली असूनही पैसे अडतात?’ बावीस वर्षांत विद्यार्थ्याने विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न.

2010 सालचे आमचे संकट तर कोणत्याही व्यवस्थापन वर्गात आठवडाभर पुरेल. वाढ रोखण्यासाठी वेलीवर मारतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपच्या प्रयोगशाळांना द्राक्षांत सापडले आणि कंटेनर अडले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. इथला अहवाल स्वच्छ, तिथला नापास, दोन्ही खरे. कर्ज काढून बाग उभी केलेल्या माणसाला हे कसे समजावायचे? नंतर यादी बदलली. पण परदेशातला एक दशांशाचा आकडा निफाड-दिंडोरीतल्या घरांचे लग्नकार्य पुढे ढकलू शकतो, हे आम्ही तेव्हा शिकलो.

कांद्याचे लोकांना माहीत आहेच. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क आले, तेव्हा माल वाटेत होता. त्याच वर्षी 7 डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यातबंदीच आली, ती थेट मे 2024 मध्ये उठली. त्याच हिवाळ्यात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि आमच्या द्राक्षांचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. देठ हिरवा राहायचे दिवस मात्र वाढले नाहीत.

यावर काही प्राध्यापक म्हणतील, मग भेटी कशाला, हे सगळे वर्गातच केस स्टडी म्हणून शिकवू. मला ते पटत नाही. वर्गातल्या कागदाला घड्याळ नसते. बोटीचा गेट कट-ऑफ संध्याकाळी सहाचा, ट्रेलर कसारा घाटात अडकलेला, जेनसेटचे डिझेल संपत आलेले, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रात खरेदीदाराच्या पत्त्यात एक अक्षर चुकलेले, आणि न्हावाशेव्याहून कस्टम ब्रोकरचा दर दहा मिनिटांनी फोन. ही दोन तासांची तगमग केस स्टडीत उतरत नाही. त्यासाठी तिथे असावेच लागते.

दोष एकट्या महाविद्यालयांचाही नाही. आम्ही निर्यातदार काय करतो? चकचकीत हॉल दाखवतो आणि क्लेमची फाइल कपाटात ठेवतो. आमच्या मालकांना मी हे बोललो, तर ते म्हणाले, ‘गिऱ्हाइकाचं नाव बाहेर जाईल.’ खरे आहे. पण तीन वर्षांपूर्वीच्या फाइलवर नाव आणि भाव काळ्या शाईने खोडायला किती वेळ लागतो? बुडालेला सौदा दाखवायची लाज वाटते, हे खरे कारण. नव्वद पोरांना सभागृहात बसवणे मग सगळ्यांच्याच सोयीचे पडते. महाविद्यालयाला अहवाल मिळतो, आम्हाला फोटो मिळतात.

माझे म्हणणे एवढेच, की नव्वद नको, बारा जण आणा. एका दिवसात तीन कंपन्या नकोत, दोन दिवस एकाच कंटेनरच्या मागे राहा. पहिल्या दिवशी बागेत आणि माझ्या टेबलाजवळ, दुसऱ्या दिवशी कस्टम ब्रोकरच्या कार्यालयात. बंदराच्या आत जायला पास मिळत नाही म्हणून हिरमुसू नका, बंदरात तसेही क्रेनच दिसतात. जमले तर बँकेच्या परकीय चलन विभागात तासभर. मुलांकडून कोरे शिपिंग बिल भरून घ्या. ताज्या द्राक्षांचा कोड 080610, तासगावच्या बेदाण्याचा 080620. एक आकडा चुकला तर कागदावर द्राक्षांचा बेदाणा होतो, हे हाताने लिहिताना जसे लक्षात राहते तसे ऐकून राहत नाही. अहवालात आभारप्रदर्शन नको. या कंटेनरमध्ये कोणत्या टप्प्यावर कोणाचे पैसे अडकले होते, एवढे एक पान पुरे.

मालकांची परवानगी मी मिळवली आहे. खोडलेल्या नावांच्या चार फायली तयार आहेत, त्यात 1,220 क्रेटवालीही आहे. ज्या प्राध्यापकांना यायचे असेल त्यांनी फेब्रुवारीत यावे, आणि सकाळी नको, दुपारी चारनंतर यावे. कागद तेव्हाच अडतात.

आपला,
एक वाचक, पिंपळगाव बसवंत (ता. निफाड)